लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

आमच्या घरी नुकतं केबल आलं होतं, तेव्हाची उज्जैनची गोष्ट. सकाळी रामघाटाच्या पायरीवर आईचा पाय जरासा सरकला, तिनं हात टेकला... आणि मनगट मोडलं. एवढ्याशा धक्क्यानं!

फ्रीगंजमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "माताजी, कोई गोली चल रही है क्या?"

"थायरॉइड की. सात साल से, एक दिन नागा नहीं किया," आई ऐटीत म्हणाली.

"और खून की जाँच?"

"जाँच काय को? तबियत तो एकदम बढ़िया है."

मी कपाळाला हात लावला. सहा महिन्यांनी रक्त तपासा, असं जुन्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहिलं होतं. पण नमुना इंदूरला जाणार, रिपोर्टला आठवडा लागणार... कोण करतो! वजन उतरलं, चपळाई आली, म्हणजे औषध लागू पडलं. छातीत धडधडायचं, हात थरथरायचे, थंडीतही पंखा लागायचा, ते सगळं म्हणे वयामुळे.

डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी गरजेपेक्षा जास्त झाली की हाडं हळूहळू विरळ होतात, त्यात आईची पाळी गेलेली. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. गोळी मनानं बंद करायची नाही, रक्त तपासून डोस ठरवायचा.

मग त्यांनी जुनी चिठ्ठी मागितली. आईनं पिशवीतून काढली... चकचकीत, लॅमिनेशन केलेली! तीच दाखवून सात वर्षं मेडिकलमधून गोळ्या येत होत्या. डॉक्टर सवयीनं तिच्यावरच तपासणी लिहायला गेले, तर पेन नुसतं घसरत राहिलं.

माझं डोकंच फिरलं. "अगं, औषधाच्या चिठ्ठीला कुणी लॅमिनेशन करतं का?"

"मी कुठं केलं? तूच आणलंस ना करून, तुझ्या मार्कशीटबरोबर."

खरंच होतं... तेव्हा लॅमिनेशनचं नवं वेड होतं, दिसेल तो कागद मी घेऊन पळायचे. तपासणीची ओळ मनावर घ्यायचं मात्र मला सुचलं नव्हतं. इतका राग मला स्वतःचा कधीच आला नाही.

रिपोर्ट आला, गोळीचा डोस कमी झाला. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ कलाई टूटी. ऐसे ही चलता रहता, तो कल कूल्हा टूटता." खुब्याचं हाड मोडलं असतं, तर आई अंथरुणालाच खिळली असती.

आई आज ऐंशीची आहे आणि बाजारात माझ्यापुढे चालते. त्या मोडलेल्या मनगटाचे उपकार मी विसरणार नाही.