दापोडी ते चाकण, व्हाया झुलीखालचा खांदा

हल्ली चाकणला जायचं म्हटलं की लोक आधी फोनवर ट्रॅफिक बघतात. बघावंच. नाशिक फाट्यावर एकदा अडकलात की घरी भात शिजून गार होतो. कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या आत मोशी ओलांडा, एवढाच या म्हातारीचा सल्ला. मी हा रस्ता पहिल्यांदा केला तो पन्नासच्या दशकात, बैलगाडीतून, नवी नवरी म्हणून. तेव्हा ट्रॅफिक नव्हतं. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे मी.

लग्न दापोडीला आमच्या दारात झालं. वैशाखातली सकाळ, वऱ्हाड निघालेलं. आईने ओटी भरली. वडील गाडीच्या चाकाला धरून हळूच म्हणाले, "हिरे, तुझी जीभ म्हंजे कात्री हाय. सासरी तोंड उघडू नगंस. निदान वरीसभर."

मी शहाण्यासारखी मान हलवली. वरीसभर म्हणे!

गाडीत मी, सासूबाई, दोन ट्रंका आणि लाडवांचा डबा. गाडी हाकायला खुद्द मामंजी, म्हणजे माझे सासरे. नवरदेव बाबूराव मागे पाय सोडून बसलेले. आमचं अजून एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. बैल दोन, ढवळ्या आणि चांद्या, पाठीवर आरशांच्या झुली, शिंगांना गोंडे. मामंजींची छाती नुसती फुगली होती. एस.टी.ने स्वस्तात आणि लवकर पोचलो असतो, पण सून आपल्याच जोडीने आणायची, हा त्यांचा हट्ट.

कासारवाडीला उजवीकडे वळलो आणि भोसरीला वडाखाली गाडी सोडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, विहिरीचं गार पाणी. आजच्या कुठल्याही हॉटेलने अशी चव देऊन दाखवावी. पण बैल सोडले तरी झुली काढल्या नाहीत. एवढ्या उन्हात? मला राहवेना. चांद्याला दशमीचा तुकडा द्यायचं निमित्त करून मी झूल उचलली.

अगं आई गं! जू बसतं तिथला खांदा सोलून लालभडक झालेला, त्यावर माश्या घोंघावत होत्या. आमच्या गोठ्यात असा खांदा आला तर वडील तो भरून येईपर्यंत बैलाला जू दाखवायचे नाहीत.

"मामंजी, चांद्याचा खांदा फुटलाय," मी म्हणाले. झालं, उघडलं तोंड!

"ठावं हाय मला," ते झूल सारखी करत म्हणाले. "आजचा दिस वढंल. उद्या कांद्याची गाडी न्यायचीय. मग बघू."

उद्या कांद्याची पोती ओढली की चांद्याचा खांदा कायमचा गेलाच. आणि खांदा गेलेला बैल बाजारात कुणाच्या दावणीला जातो, ते शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही.

मोशीला इंद्रायणीत बैलांना पाणी पाजलं. पलीकडच्या चढावर चांद्या गुडघ्यांवर बसला. मामंजींनी पराणी उचलली. पराणी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. ती एकदा टोचली, दुसऱ्यांदा टोचायच्या आत मी शालू सावरून खाली उडी मारली.

"अगं, नवरीनं पायी चालायचं नसतं!" सासूबाई किंचाळल्या.

"मग बैलानं रडायचं असतं का?"

बाबूराव उतरले आणि डोक्याच्या मुंडावळ्यांसकट चाकाला भिडले. तिथेच मला नवरा आवडला, सांगून टाकते. सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं. "सगळ्यात जड तर मीच हाय," म्हणत त्याही उतरल्या. चढ संपला तरी मी गाडीत चढले नाही. हलकी झालेली गाडी पुढे, मामंजींची रागाने लाल मान तिच्यावर, आणि आम्ही तिघं धुळीने माखून मागे. चाकणच्या वेशीवर वाजंत्रीवाल्यांनी आमच्याकडे बघून वाजवायचंच थांबवलं!

दिवेलागण होत आली होती. दारात तांदळाचं माप, हातात ताट घेतलेल्या बायका. "नाव घे, त्याबिगर आत न्हाई!" त्यांनी दार अडवलं.

इथून परत पाठवलं तर वडील कुणाला तोंड दाखवणार? पण समोर चांद्या उभा होता, मान खाली घालून.

"घेते की," मी म्हणाले. "पण मामंजींनी आधी शब्द द्यावा. खांदा भरेपर्यंत चांद्याला जू नाही."

बायकांच्या हातातली ताटं तिथल्या तिथे खाली आली.

"सून हाय का सावकार?" मामंजी गरजले.

"देताय का शब्द?" सासूबाई म्हणाल्या. "का माझी लक्षुमी अंधारात दाराभाईर ठेवताय?"

मामंजींनी एकवार बायकोकडे बघितलं, एकवार मावळतीकडे. मग सरळ चांद्याजवळ जाऊन झूल काढली. सगळ्या गावासमोर तो खांदा उघडा पडला. "दिला शब्द," ते पुटपुटले, आणि पराणी माझ्या हातात ठेवली.

मी खणखणीत नाव घेतलं:

"चाकणचा कांदा, इंद्रायणीचं पाणी,
बाबूरावांच्या गाडीला आता नको पराणी!"

काय हशा उसळला! वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि मी माप लवंडून आत गेले. कांदा शेजाऱ्याच्या गाडीने बाजारात गेला. मी रोज कडुलिंबाच्या पाण्याने खांदा धुवायची, हळद-तेल लावायची. पहिले काही दिवस मामंजी लांबून बघायचे, मग तेलाची वाटी तेच आणून द्यायला लागले.

आखाडात माहेरी जायची वेळ आली, तर पोचवायला मामंजी स्वतः निघाले. वाटेत चढावर कुणी न सांगता खाली उतरले. दापोडीला दारात गाडी थांबताच माझे वडील हात जोडून पुढे आले. "पावणं, तुमी सोता आलात? लेकीचं काय चुकलं का?"

"झूल उचला," मामंजी म्हणाले.

वडिलांनी भीत भीत उचलली. चांद्याच्या खांद्यावर नवी, मऊ लव आली होती. वडील तिच्यावरून हात फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हाच पाहिले.

"तुला गप बस म्हनलं हुतं ना गं?"

"बसले होते की," मी म्हणाले. "भोसरीपर्यंत."