मामंजींच्या बंदुकीला पिशवी

माझ्या सासरी एक दुनळी बंदूक होती आणि घरात तिचा मान आम्हा दोन्ही सुनांपेक्षा मोठा होता. सोप्यातल्या खुंटीवर, सासऱ्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ती टांगलेली असायची. दर शनिवारी तिला तेल मिळायचं. आमच्या केसांना कधी मिळायचं ते विचारू नका. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. कडेगावच्या बाजूला त्यांचा बक्कळ ऊस होता, मिशा होत्या आणि ही बंदूक होती. भावकीशी बांधावरून कटकट झाली की ते काही बोलत नसत, नुसते खुंटीकडे बघत. तेवढ्यावर समोरचा गप व्हायचा. त्या बंदुकीने कधी साधं रानडुक्कर मारल्याचंही मी ऐकलं नव्हतं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिला झेंडूचा हार घालायचा आणि सगळ्या गावासमोर मामंजींनी आभाळात बार काढायचा, एवढंच तिचं काम.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या दसऱ्याला मामंजींनी चाप ओढला आणि बंदूक नुसती कट् वाजली. दुसऱ्या नळीनेही तेच केलं. गाव बघत उभं. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काडतुसं सादळली." पंधरा दिवस कडक ऊन पडलेलं, सादळायला काय झालं होतं कोण जाणे. पण मान डोलवायला सगळे तयार होते.

घरी आल्यावर कळलं की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, मोडली आहे. बंदुका नीट करणारा कारागीर साताऱ्याला होता. म्हणजे बंदूक साताऱ्याला न्यायची, कमान बसवायची, परत आणायची. परवाना मामंजींच्या खिशात, चोरी नाही की मारी नाही. पण बंदूक गावातून बाहेर पडताना कुणी बघितली तर ती दुरुस्तीला चालली हे कळेल, आणि ते कळलं तर खुंटीकडे बघण्याला कोण भीक घालणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून मूठ झाकायला पिशवी हवी, असं ठरलं.

त्याच दिवसांत बैलांच्या बाजाराला आलेला माझ्या माहेरचा एक माणूस निरोप सांगून गेला. माझं माहेर मेढ्याच्या वर डोंगरात. आई ओट्यावरून पडली होती, कंबर मोडली होती, अंथरुणावरून उठत नव्हती, आणि रोज माझं नाव काढत होती. दोन वर्षं मी आईला पाहिलं नव्हतं. नवरा पलटणीत, लांब. सासूबाईंना मी विचारलं, त्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी माझ्याशी थेट बोलायचे नाहीत, मीही त्यांच्यासमोर पदर ओढून गप. पद्धतच तशी. ते खांबाकडे बघून म्हणाले, "तिला म्हनावं, सातारला जायाचंच हाय. पिशवी झाली की जाऊ, तिकडनं मेढ्याला सोडतो." आईचा जीव असा पिशवीला टांगला गेला.

दुनळीची नळी आणि लाकडी दस्ता वेगळे होतात. शनिवारी तेल घालताना मामंजी ते करायचेच. दोन तुकडे साध्या पोत्यात घातले असते तर त्याच दिवशी निघालो असतो. थोरल्या जाऊबाईंनी हे दबक्या आवाजात सुचवलंही. मामंजी कडाडले, "मोडकं शस्त्र शिवंभाईर न्यायचं न्हाई!" ते आधीच मोडलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मग थोरले भावजी सांगलीला गेले आणि ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून पिशवी करून आणली. खाकी कापड, चामड्याचे पट्टे, आत मऊ अस्तर, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. शिवण इतकी सुबक की पाहत राहावं. मामंजी खूश झाले. प्रवासालाही हीच, वर्षभर खुंटीला टांगायलाही हीच. कापडाचा वास जावा म्हणून ती अंगणात दोरीवर टाकली. रिकामीच. शेजारची म्हातारी ताक मागायला आली आणि दोरीकडे बघून म्हणाली, "बंदूक कुटं निघाली गं?" तिला एका डोळ्याने तर दिसतच नव्हतं.

पिशवी ट्रंकेत गेली. आईचा निरोप येऊन किती दिवस झाले, ते मोजणं मी सोडून दिलं.

धाकटे भावजी कुपवाडला कारखान्यात कामाला होते. शिकलेले, म्हणून डोकं चालवणं त्यांचा हक्क. त्यांनी पत्र्याची नळकांडी वळून आणली, एका बाजूला बूड, दुसऱ्या बाजूला झाकण. वरून हिरवा रंग. "बघणाऱ्याला वाटंल मोटारीचा पाइप हाय," ते म्हणाले. बघणाऱ्याला तसंच वाटलं, हीच अडचण झाली. आमच्याकडे माणूस बंदुकीकडे एकदा बघेल, विहिरीच्या पाइपाकडे दहादा बघतो. स्कूटरवरून उतरवून ती घरात येईपर्यंत चौघांनी हटकलं, ठोकून बघितली, जाडी विचारली. एकजण तर झाकणच उघडायला लागला, "गड्या, मलाबी असाच पायजे, कुटनं आनला?" पुढे तिच्यात दोन कोंबड्या अंडी घालायच्या.

मग उसाच्या मोळीत बांधून न्यायचं निघालं. त्यावर दोन दिवस खल झाला. शेवटी कुणीतरी आठवण करून दिली की एसटीत उसाची मोळी ठेवली की साताऱ्यापर्यंत प्रवासी एकेक कांडं मोडून खातात आणि कराड ओलांडायच्या आत बंदूक उघडी पडेल. असले हे शूर. सीमेवर लढून आलेला माणूस आणि त्याचे दोन जाणते मुलगे, पिशवीपाशी येऊन गुडघे टेकले. मी भाकऱ्या थापत सगळं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, तुमची बंदूक गेली खड्ड्यात, मला माझ्या आईकडे सोडा.

तोड सासूबाईंनी काढली. "म्हायेरवाशिनीच्या वळकटीकडं कोन बघतंय?" त्या म्हणाल्या. "ही निघालीच हाय आईकडं. हातरूनात गुंडाळा."

मग मामंजी खांबाकडे न बघता पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. दोन पिशव्या करून झाल्यावर त्यांना तिसरी सापडली होती, ती मी. मला त्याचंही काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, तेवढं मला पुरे होतं. माझ्या वाकळेच्या घडीत बंदूक बसली, दोन्ही टोकांना उशा कोंबल्या, वरून सुंभाने आवळलं. आईला पांघरायला म्हणून त्यात मी माझं एक मऊ लुगडंही घातलं.

एसटीत ती वळकटी माझ्या पायांशी. एका बाईने आपलं पोर तिच्यावर बसवलं. कराडच्या स्टँडवर एक हवालदार तिला टेकून निवांत विडी ओढत बसला. मामंजी एवढे लांब जाऊन उभे राहिले की जणू मी त्यांची कुणीच नव्हे. खिशात परवाना असलेला माणूस! मी मात्र हवालदारासाठी थोडं सरकून जागा करून दिली.

साताऱ्यात कारागिराने बंदूक उघडली, कमान बसवली, आणि दुपारच्या आत आम्ही परत स्टँडवर आलो, बंदूक पुन्हा वाकळेत. मेढ्याची गाडी लागलेली होती. मी तिकडे वळले तर मामंजी म्हणाले, "तिकडं न्हाई. कराडची गाडी हिकडं लागती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते इकडे तिकडे बघत म्हणाले, "म्हायेराला फुडं कवातरी जाशील. आता ही वळकटी मागारी न्यायची हाय न्हवं? माज्या खांद्यावर बाईमानसाची वाकळ शोभंल व्हय?"

म्हणजे बंदूक जाताना माझ्यात बसली होती, तर परतही माझ्यातच बसून यायची होती. त्यांनी हे घरूनच ठरवलं होतं की तिथे सुचलं, ते मला आजही ठाऊक नाही. मेढ्याच्या गाडीत माणसं चढत होती. कंडक्टर दारात उभा होता.

मी वळकटी स्टँडच्या फरशीवर ठेवली आणि सुंभाची गाठ सोडायला लागले. मामंजी "काय करतीस, काय करतीस" म्हणेपर्यंत वाकळ उलगडली. भर दुपारी, सगळ्या साताऱ्यादेखत, मी बंदूक उचलली आणि त्यांच्या हातात दिली. लोक जमले. पदर डोक्यावरून पडला होता, तो मी सारखा केला नाही. लग्नानंतर सासऱ्यांशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य, "मामंजी, तुमचं तुमच्यापाशी. मी आईकडं चालले." वाकळ तशीच काखेत मारून मी गाडीत चढले.

पुढे जाऊबाईंनी सांगितलं, मामंजी बंदूक उघडी खांद्यावर टाकून गावात उतरले तेव्हा पारावरचा एकजण सहज म्हणाला, "काय आवं, झाली का दुरुस्त?" दसऱ्यापासून अख्ख्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत आहे हे एकट्या आमच्या घरालाच माहीत नव्हतं.

मी माहेरी पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. इतकी बारीक झाली होती की अंथरुणात शोधावी लागली. हात लावल्याबरोबर तिने मला ओळखलं. तिच्या अंगावर मी ती वाकळ पांघरली, लुगड्याची घडी डोक्याखाली दिली. ती माझं मनगट धरून होती. म्हणाली, "धाडली गं बाई त्यांनी तुला. सुगीचा वकुत, घरात येवढं काम, तरी धाडली. लय भली मानसं हायेत. त्यांची सेवा कर."

मी म्हणाले, "व्हय आई. लय भली हायेत."

आई गेली ती हेच खरं धरून. त्या घरावरचा माझा बाकीचा राग वयाबरोबर निवला. हा एक अजून निवलेला नाही.