गोठ्यातली खाट

गावी राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनी आधी क्षमा करावी. पन्नाशी उलटल्यावर मी प्रथमच काही लिहीत आहे, आणि तसा अधिकार आपल्याला आहे असे मला अजूनही वाटत नाही.

खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून नोकरीसाठी नेरळला निघाले, तेव्हा बाबांनी माझी वळकटी टेंपोत ठेवून एवढेच विचारले, "तिकडं निजायला सुकी जागा हाय ना गं?" आमचे घर तेव्हा कुडाचे होते. पावसाळ्यात भिंती ओलावत. पण झोपायचो सगळे आतच.

आज तिथे दोन खोल्यांचे स्लॅबचे घर आहे. नुसत्या भातशेतीवर भागत नाही, म्हणून ते शनिवार-रविवारी पर्यटकांना द्यावे, ही सूचना माझी. बुकिंगही माझ्याच फोनवर येते. "आमी शेजारी निजतो," असे आई सांगत असे.

गेल्या श्रावणात एका शनिवारी दुपारी मी न कळवता गेले. बाबा गोठ्यात खाटेवर खोकत बसले होते. बैल विकल्यापासून गोठा रिकामा, जमिनीला ओल सुटलेली. बाबांचे अंग तापले होते.

"बैलांनी कंदी तक्रार केली नाय, मी कशाला करू?" ते हसले.

तेवढ्यात ओट्यावरून एका पाहुण्याने विचारले, "काका, वायफाय का पासवर्ड?" बाबांनी धाप लागली असतानाही तो बिनचूक सांगितला. मग तो तरुण माझ्याकडे वळला. "आप भी यहीं काम करती हो?"

मी मान डोलावली.

पाहुण्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत केवळ बॅगा होत्या. ती बाबांसाठी मागावी म्हणून निघाले, तर आईने मनगट धरले. "गप ऱ्हा गं. नाराज हून गेली, तर पुन्यांदा कोन येल?" मी थांबले. त्याची लाज अजून जात नाही.

"मग माझ्याकडे चला, बाबा."

"घर सोडून? नाय जमायचं," बाबा त्या खाटेवरूनच म्हणाले.

ताप औषधाने उतरला, खोकला राहिला. माझ्यासाठी घर म्हणजे आता जाहिरातीतले चार फोटो. त्यांत गोठा येऊ नये, अशा बेताने ते मीच काढले आहेत.

येत्या शनिवारसाठी पुन्हा विचारणा आली आहे. आई म्हणते, "हो म्हन." पाऊस थांबलेला नाही. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचे आहे. तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय कळवले असते?