फादर, हे पाय कशाने फाटले?

"ताई, तुम्ही जरा उठता का?"

परवाचा पवित्र गुरुवार. मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. येशूने शिष्यांचे धुतले तसे या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्यासाठी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या, कडेच्या खुर्चीवर मी. समोर चर्च कमिटीच्या मॅडम, नजर माझ्या पायांवर. भाजीत अळी दिसावी असा चेहरा.

"भेगांतून रक्त येतंय हो तुमच्या. फादरांना हात लावायचाय. फोटोही निघणार आहेत."

रक्त येणारच. आमच्याकडे या दिवशी जो तो आधी घरून पाय धुऊन येतो. साबण, नखं, काहींचं तर नेलपॉलिशसुद्धा. मग फादर त्या स्वच्छ पायांवर पाणी ओततात. दरवर्षी मला हसू यायचं. यंदा माझी पाळी आली आणि मीही तेच केलं. घासदगडाने टाचा इतक्या घासल्या की भेगा उघडल्या.

मी नाशिकरोडला बांधकामावर माल कालवते. सिमेंट पाय खातं. पेठच्या डोंगरातून आलो तेव्हा हे पाय असे नव्हते.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादर दर रविवारी चर्चच्या सामाजिक शिकवणीवर बोलले. प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा. कष्टाला मान. गरिबाचा विचार आधी. मी मागच्या बाकावरून कान देऊन ऐकायचे. आणि खरं सांगते, माझा विश्वास बसला. या वर्षी कष्टकऱ्यांचे पाय धुवायचे असं त्यांनीच ठरवलं, मला स्वतः विचारलं. मी गावाहून आईला बोलावून घेतलं. ती एसटीने आली, नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली.

तिच्यासमोर मी उठले. "बरं" म्हणाले वर. त्या "बरं"चा राग अजून जात नाही.

माझ्या खुर्चीवर आमच्या साइटचे शेठ बसले. चर्चची नवी फरशी त्यांनीच घालून दिलीय. मॅडमनी माझ्या हातात टॉवेलांचा ट्रे दिला. "हे धरा. म्हणजे तुम्हीही यात आहातच की!"

फादर शेठसमोर गुडघ्यावर बसले. पाणी ओतलं. टॉवेल माझ्याच हातातून घेतला. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले.

मिस्सा संपली. फरशीवर पाणी सांडलेलं. मॅडम पोछा घेऊन आल्या.

"ताई, एवढं पुसून घ्या ना."

आई जवळ येऊन उभी होती. "काहाला उठवला तुला?" तिने विचारलं. तिला काय सांगणार? तुझ्या पोरीचे पाय फोटोत चांगले दिसत नाहीत?

मी ट्रे खुर्चीवर ठेवला. "मी नाही पुसणार."

आवाज मोठा निघाला. दाराकडे चाललेले लोक थांबले. फादर घाईने आले. "ताई, आजच्या दिवशी कटुता नको. पुढच्या वर्षी पहिली खुर्ची तुमची."

"खुर्ची नको, फादर. हे पाय कशाने फाटले ते शेठना विचारा. आम्हा बायकांना गमबूट का देत नाहीत, ते विचारा."

शेठ वळले. "चर्चमध्ये हा काय विषय आहे?"

फादर खाली बघत म्हणाले, "ते कामाचं आहे ताई. कामावर बोला."

म्हणजे रविवारी जे सांगितलं ते नक्की कुणासाठी होतं? देवाची प्रतिमा चर्चच्या दारापर्यंतच, साइटवर नुसती मजूर बाई? इतके रविवार मी येड्यासारखी माना डोलवत बसले.

बरं. कामावर बोलते. काल मी साइटवरच्या एकेका बाईच्या झोपडीत जाऊन आले. दोघी भ्यायल्या, बाकीच्या काम थांबवायला तयार आहेत. शेठ मला काढून टाकतील, ठाऊक आहे. घर माझ्यावर चालतं, तेही ठाऊक आहे.

सोमवारी स्लॅब आहे. बूट आल्याशिवाय मी घमेल्याला हात लावणार नाही.