आबांचा साइड स्टँड

किस्से गोळा करावे लागत नाहीत. खाली गॅरेज आणि वर निवृत्त शिक्षिका असली, की ते जिना चढून आपोआप येतात. साताऱ्यात माझ्या खिडकीखाली दिलीपचे गॅरेज आहे. दिलीप माझा विद्यार्थी. अक्षर वाईट, हात सोन्याचा!

हल्लीच्या मोटारसायकलींना साइड स्टँडचा स्विच असतो. स्टँड खाली राहिला, तर गिअर टाकताच इंजीन बंद पडते. लोकांना याचा भारी राग! रोज कोणीतरी येऊन म्हणते, "दिलीपराव, दोन वायरी जोडून स्विच डायरेक्ट करून टाका की, गाडी बंदच पडायला नको!"

*

मेढ्याचे एक शेतकरी आले. "स्विच तोडा. स्टँड वर हाय, तरी बंद पडतीया!"

दिलीपने स्विचभोवतीचा मूठभर चिखल काढला. गाडी सुरू झाली.

"चिखल काढल्याबिगर ही बी ऐकत न्हाई व्हय?" शेतकरी म्हणाले. "आमच्या मालकीणबाईचीच भैन दिसती, ती बी चिखलाचं पाय घरात घेत न्हाई!"

*

शेवटी मी स्वहस्ते पाटी लिहून दिली: 'येथे कोणताही सुरक्षा-स्विच डायरेक्ट करून मिळणार नाही.'

दुसऱ्याच दिवशी एक दाढीवाला गृहस्थ तावातावाने आला. पाटी वाचून थबकला. "हे अक्षर... बाई हितं राहत्यात?"

"वर बघ," दिलीप म्हणाला.

त्याने वर पाहिले, हेल्मेट काढले आणि हात मागे बांधले! "न्हाई बाई, हवाच भरायला आलोय."

*

पाटी न मानणारा एकच माणूस: दिलीपचे वडील, निवृत्त सुभेदार. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. जुन्या गाडीवर स्टँड खाली विसरून ते वळणावर पडले होते, मनगट मोडले. म्हणून दिलीपने स्विचची नवी गाडी घेतली. ती दाराशीच बंद पडू लागली.

"फौजेत जन्मभर ट्रक चालवले. आता ह्यो बोटभर स्विच मला शिकवणार? डायरेक्ट कर!"

"केला, आबा," दिलीप म्हणाला.

केला नव्हता. रोज सकाळी आबा गाडीवर बसत, इंजीन सुरू करत. दिलीप फडके घेऊन धूळ पुसायला वाकत असे आणि हळूच स्टँड वर करत असे. आबांची नजर समोर, जणू संचलनात आहेत.

मी दिलीपला वर बोलावले. "वडिलांशी खोटे?"

"मग तुमीच सांगा बाई त्यांस्नी, तुमी इसरताय म्हणून."

विद्यार्थ्याची थाप मी आयुष्यात कधी खपवून घेतली नाही. त्या दिवशी "चहा घेऊन जा" एवढेच म्हणाले.

*

मागच्या महिन्यात दिलीप दोन दिवस सांगलीला सासुरवाडीस गेला. सकाळी मी धावतच जिना उतरले. गाडी दाराशी बंद पडली, की दिलीपची थाप उघडी पडणार; आबांना काय सांगायचे, ते सुचत नव्हते.

आबा गाडीवर बसले. इंजीन सुरू केले. बुटाच्या टाचेने स्टँड खाडकन वर केला, मान वळवून मागचा रस्ता पाहिला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच!

तिसऱ्या दिवशी दिलीप परतला. आबा गाडीवर बसले, इंजीन सुरू केले. स्टँड खालीच. गिअरला पाय लावला नाही. समोर पाहत थांबून राहिले.

दिलीप फडके घेऊन वाकला. "धूळ लय बसलीया, आबा."

"बसणारच. दोन दिस पुसलीया का कुणी?"