बुटांचं गाणं

अमिरातीतल्या अल ऐनला नव्वदच्या दशकात राहिलेल्या कुणालाही विचारा. तो सांगेल, इंग्लंडचा एक मोठा रॉक गायक एकदा इथल्या एका साध्या हॉटेलच्या पबमध्ये आला होता, आणि लोकांच्या आग्रहाखातर गायला होता. सांगणाऱ्यांपैकी निम्मे शपथेवर म्हणतात की आपण तिथेच होतो. पबमध्ये इतकी माणसं मावतच नव्हती. मी मात्र खरंच तिथे होतो, काउंटरच्या आतल्या बाजूला.

मी कणकवलीचा. पणजीच्या एका बारमध्ये काम शिकलो आणि एजंटने अल ऐनला पाठवलं. हॉटेल तीन मजली, शहराच्या कडेला. पब मागच्या बाजूला होता, त्याचं दार थेट पार्किंगमध्ये उघडायचं. आसपासच्या व्हिलांमध्ये ब्रिटिश इंजिनियर, शिक्षक, हॉस्पिटलच्या नर्स राहायच्या. दारू फक्त हॉटेलातच मिळायची, त्यामुळे तो पब म्हणजे त्यांचा चावडीवरचा कट्टा होता. घरी आईला मी फक्त 'रेस्टॉरंटमध्ये आहे' एवढं सांगितलं होतं.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक उंच, हडकुळा इंग्रज होता. विहिरींच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या कंपनीत कामाला. दिवसभर वाळवंटात फिरून त्याची मान मागून भाजल्यासारखी लाल झालेली असायची. संध्याकाळी यायचा, काउंटरच्या टोकाला बर्फाच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचा. दोन बिअर प्यायचा आणि आमच्या किचनमधले कढीपत्ता-मिरची घालून तळलेले शेंगदाणे खायचा. तिसरी बिअर त्याने घेतलेली मी कधी पाहिली नाही. फार बोलायचाही नाही. बायको-मुलं नव्हती, निदान आम्हाला तरी माहीत नव्हती.

माझे वडील गेले तेव्हा फोन दुपारी आला. विमान दुबईहून होतं आणि हॉटेलची गाडी दुरुस्तीला गेलेली. मॅनेजर टॅक्सीसाठी फोन करत होता, तेवढ्यात हा इंग्रज कधी नव्हे तो लवकर आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय झालं ते विचारलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. दुबईपर्यंतच्या रस्त्यात तो एक अक्षर बोलला नाही. एअरपोर्टवर माझी बॅग त्याने स्वतः ट्रॉलीवर ठेवली आणि मी आत जाईपर्यंत काचेच्या पलीकडे उभा राहिला. त्या दिवशी मला कुणी धीराचे शब्द ऐकवले असते तर मी कोसळलो असतो. हे त्याला कसं कळलं होतं देव जाणे.

पबमध्ये एक गोव्याची बाई गायची. पन्नाशीची, केसांना मेंदी लावणारी. तिचा नवरा कीबोर्ड वाजवायचा. मी तिला आंटी म्हणायचो, ती मला पुता. गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या आदल्या रात्री, पब भरायचा आणि एका ठरावीक गाण्याची फर्माईश हमखास व्हायची. त्या इंग्लिश रॉक गायकाचंच ते गाणं. चाल उडती. एक माणूस शनिवारी पबमधून घरी येतो, जड बूट घालून जिना चढतो, असं काहीतरी. धृपदात बुटांचा आवाज होता आणि तिथे सगळा पब जमिनीवर पाय आपटायचा. वर टांगलेले ग्लास एकमेकांवर किणकिणायचे. मी ते हातांनी धरून ठेवायचो आणि मलाही मजा यायची.

हे गाणं सुरू झालं की आमचा पाणीवाला इंग्रज उठून मागच्या दाराने पार्किंगमध्ये जायचा. गाणं संपलं की परत यायचा. बाकीच्यांना वाटायचं, सिगारेट ओढायला जात असेल. तो सिगारेट ओढत नाही, हे मला माहीत होतं. पण मी त्याचा विचार केला नाही.

हिवाळ्यात तिथे पहाटे दाट धुकं पडतं. अशाच एका पहाटे दुबईच्या रस्त्यावर त्याच्या गाडीसमोर उंट आला. तेव्हा त्या रस्त्याला सगळीकडे कुंपण नव्हतं. उंटाचे पाय गाडीने उडवले आणि धड काच फोडून आत आलं. तो जागच्या जागी गेला. आम्हाला संध्याकाळी कळलं, त्याच्या कंपनीतल्या एका स्कॉटिश माणसाकडून. त्या स्कॉटिशाने त्याच्या रिकाम्या स्टुलासमोर एक बिअर ठेवायला सांगितली. सगळ्यांनी ग्लास उचलले. मग फुटबॉलची मॅच लागली.

मृतदेह हॉस्पिटलच्या मॉर्च्युरीत होता. पोलीस, हॉस्पिटल, वकिलात, असं सगळं होईपर्यंत दिवस जात होते. आणि मग गुरुवारी दुपारी, पब बंद असतानाच्या वेळात, आमचा मल्याळी मॅनेजर धावत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा घामाने चमकत होता.

"पब खोल," तो हिंदीत म्हणाला. "एक साब आया है. अकेला बैठेगा. तू सिर्फ वो जो बोले वो देना. फोटो-वोटो कुछ नहीं, समझा?"

साहेब आत आला तेव्हा मी त्याला रॉक गायक म्हणून ओळखलं नाही. मी त्याची मान ओळखली. तीच उंची, तेच पुढे झुकलेले खांदे. काळा शर्ट, गॉगल, सोबत एक तरुण असिस्टंट. त्याला त्याने बाहेरच थांबवलं.

"माझा भाऊ इथे यायचा," तो म्हणाला. "कुठे बसायचा?"

मी स्टूल दाखवलं. तो त्यावर बसला नाही. शेजारच्या स्टुलावर बसला आणि भावाचं स्टूल जरा आपल्याकडे ओढून घेतलं, कुणीतरी टॉयलेटला गेल्यावर जागा धरून ठेवतात तसं.

"काय प्यायचा?"

"दोन बिअर. आणि शेंगदाणे."

"दोनच?"

"दोनच. कायम."

त्याने मान हलवली. "आमच्या बापाला दोनवर थांबता आलं असतं तर," एवढंच म्हणाला. स्वतः त्याने सोडा मागितला. दारू सोडून बरीच वर्षं झाली होती म्हणे. मी किचनमध्ये जाऊन स्वतः शेंगदाणे तळून आणले. त्याने एकेक दाणा खाल्ला, मिरचीसकट.

मग त्याने विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायचा?"

आमच्या पबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं की पाणीवाल्याला भाऊ आहे. असा भाऊ आहे हे तर नाहीच. मी म्हटलं, "सर, तो फार बोलायचाच नाही."

"पण काहीतरी?"

"नाही सर."

तेवढ्यात आंटी आणि तिचा नवरा संध्याकाळची तयारी करायला आले. आंटीने त्याला बघताक्षणी ओळखलं. ती जिथे होती तिथेच थांबली, मग जवळ येऊन तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचा भाऊ फार चांगला माणूस होता," ती म्हणाली. "आम्हाला नाताळला केक आणून द्यायचा."

तो तिला म्हणाला, "तुम्ही इथे गाता. माझं गाणं गाता?"

"दर गुरुवारी. लोक सोडत नाहीत."

"आणि तो? तो असायचा तेव्हा?"

आंटीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिला सहज काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण ती रविवारी चर्चला जाणारी, मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणं तिला पाप वाटत असावं.

"तो उठून बाहेर जायचा," ती म्हणाली. "गाणं संपलं की आत यायचा."

बर्फाचं मशीन मध्येच गडगडलं. मग तो आमच्याकडे न पाहता बोलायला लागला. ते बूट त्यांच्या वडिलांचे. शनिवारी बाप पिऊन यायचा, आणि जिन्यावर बूट कसे वाजतात त्यावरून पोरं ओळखायची की आज काय होणार. आवाज हळू असला तर झोपायचं. जड असला तर धाकट्याला पलंगाखाली ढकलायचं आणि मोठ्याने समोर उभं राहायचं. मोठा म्हणजे आमचा पाणीवाला.

"मार तो खायचा. गाणं मी लिहिलं," तो म्हणाला. "मी ते रडगाणं म्हणूनच लिहिलं होतं. रेकॉर्ड कंपनीने म्हटलं, चाल जलद कर. केली. तो मला म्हणाला होता, तू त्या बुटांवर लोकांना नाचायला लावलंस. त्यानंतर तो आधी नोकरीसाठी लिबियाला गेला, मग इकडे. आम्ही पुन्हा बोललो नाही."

आंटीच्या नवऱ्याने कीबोर्डचं झाकण पुन्हा लावलं.

पबचं दार उघडायची वेळ झाली तेव्हा बाहेर गर्दी जमलेली होती. बातमी कुणी फोडली कुणास ठाऊक. आमच्याच रिसेप्शनवरून गेली असेल. मी मॅनेजरला म्हटलं, साहेबांना वरच्या रूममध्ये नेऊ या. मॅनेजर म्हणाला, "अरे, वो खुद बोला, आने दो."

लोक आत आले. स्कॉटिश माणूस सगळ्यांत पुढे. "तुझ्या भावाचं फार वाईट झालं," तो म्हणाला आणि त्याच दमात सहीसाठी बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा पुढे केला. गायकाने सही केली. मग सगळ्यांनीच पुठ्ठे पुढे केले. तो सह्या करत गेला, प्रत्येकाला नाव विचारून. कुणी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. भावाच्या स्टुलावर एक जाडा माणूस बसला. गायकाने ते पाहिलं आणि पुढचा पुठ्ठा घेतला.

मग मागून कुणीतरी पाय आपटायला सुरुवात केली. दुसऱ्याने, तिसऱ्याने. सगळा पब आपटायला लागला. ग्लास किणकिणायला लागले आणि मी ते धरायला हात वर केले.

आंटी माइकवर गेली आणि म्हणाली, "आज गाणं नाही. आज आपल्यातला एक माणूस गेला आहे." पाय थांबले. मग कुणीतरी ओरडलं, "त्याच्यासाठीच," आणि टाळ्या पडल्या, आणि पाय पुन्हा सुरू झाले.

गायक उठला. मला वाटलं, मागच्या दाराने निघून जाईल. तो माइककडे गेला, आंटीच्या हातातून त्याने हळूच माइक घेतला आणि गायला. पूर्ण गायला. जलद चालीतच. धृपद आलं की माइक लोकांकडे करायचा, हसायचा. ते हसू मी नंतर पुष्कळ नटांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ते डोळ्यांपर्यंत जात नाही आणि तरीही बघणाऱ्याला काही कमी वाटत नाही. आंटी किचनमध्ये निघून गेली. तिचा नवरा कीबोर्डमागे हात मांडीवर ठेवून बसून राहिला, एक सूर त्याने वाजवला नाही.

गाणं संपल्यावर तो काउंटरपाशी आला, घामाने भिजलेला. मी न मागता सोडा दिला. तो मला म्हणाला, "लोक असे बघायला लागले की मला दुसरं काही करताच येत नाही." मी 'यस सर' म्हटलं.

शनिवारी मॉर्च्युरीतून पेटी निघाली. पाणीवाल्याच्या कंपनीचा सरकारी कामं बघणारा सुदानी माणूस, असिस्टंट, गायक, आंटी आणि मी, एवढेच होतो. पबमधलं कुणी आलं नाही. कामाचा दिवस होता. सुदानी माणसाने कागद व्हॅनच्या ड्रायव्हरला दिले आणि हळू आवाजात अरबीत म्हणाला, "खलास," म्हणजे काम झालं. गायकाने पेटीवर हात ठेवला. व्हॅन सुरू झाली तरी त्याने तो काढला नाही, ड्रायव्हरला थांबावं लागलं. आंटीने पुढे होऊन त्याचा हात उचलला.

मॅनेजरने त्या गुरुवारचा फोटो मोठा करून काउंटरच्या वर लावला. बर्फाच्या मशीनशेजारच्या स्टुलावर पितळी पट्टी ठोकली, त्यावर गायकाचं नाव. तो इथे बसला होता म्हणून. मी मॅनेजरला सांगितलं की तो शेजारच्या स्टुलावर बसला होता, हे भावाचं. मॅनेजर म्हणाला, "भाई का नाम किसको मालूम है?" शारजा-दुबईहून लोक ते स्टूल बघायला यायला लागले.

आंटीने ते गाणं पुन्हा गायलं नाही. लोकांनी तक्रारी केल्या. मॅनेजरने समजावलं, मग चिडला, आणि वर्ष संपल्यावर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं नाही. जाताना आंटी मला म्हणाली, "पुता, आम्ही पोटासाठी गातो. पण ते आता तोंडातून येईना." नंतर मडगावहून तिचं एक नाताळचं कार्ड आलं. पुढे तेही बंद झालं.

मीही दुबईला आलो, केटरिंगमध्ये. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका पुण्याच्या कुटुंबाकडे गणपतीच्या जेवणाला गेलो होतो. त्यांचा मुलगा तिथेच जन्मलेला, गिटार शिकत होता. जेवण व्हायचं होतं, म्हणून तो पाहुण्यांना गोष्ट सांगत बसला. अल ऐनच्या एका पबमध्ये तो रॉक गायक सुट्टीवर आला, उंटावर बसून आला, टेबलावर चढून गायला, सगळ्यांना फुकट दारू पाजली.

त्याला मी एका बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. भाऊ, बूट, पलंग, उंट. पोरगा शहाणा होता, त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर थोडा वेळ गिटारच्या तारा दाबत बसला.

"बट ही डिड सिंग, राइट?" त्याने विचारलं.

"हो. गायला."

"पूर्ण गाणं?"

"पूर्ण."

"देन इट्स ट्रू, अंकल," तो म्हणाला. त्याच्या आईने पानं वाढल्याची हाक मारली, आणि तो उठून गेला.