तीन पायांची शर्यत

हेस्टर प्रिडी यांनी नेदरकोटच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कोळशाची शेगडी आणि प्रिडीबाई. उंच, हाडकुळ्या. माझे काका म्हणायचे, "बाई शाळेत 'सरळ उभं राहा' म्हणाल्या की टेकडीवरच्या माझ्या गाईसुद्धा सरळ होतात." बाईंनी लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, आणि ती गेल्यावर शाळेला लागून असलेल्या घरात एकट्याच राहिल्या. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे आणि चहाडी तर त्याहून नाही. दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्याला त्या आधी कोपऱ्यात उभं करायच्या.

जूनच्या शेवटच्या शनिवारी चर्चमागच्या कुरणात आमची जत्रा भरायची. पताका, केक, जॅमच्या बरण्या, चेंडू मारून नारळ पाडायचा खेळ, आणि तीन वाजता पोरांच्या शर्यती. त्या बाई घ्यायच्या. आदल्या दिवशी दोरी धरून चुन्याच्या रेषासुद्धा स्वतः आखायच्या.

१९५८ साली मी नऊ वर्षांची होते. तीन पायांच्या शर्यतीत माझी जोडी लिनेट व्हाऊल्सशी होती. माझा डावा पाय आणि तिचा उजवा पाय तिच्या आईच्या हिरव्या स्कार्फने बांधला होता. आठवडाभर आम्ही गल्लीत सराव केला होता आणि पहिलं बक्षीस आमचंच, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोत्यांची शर्यत नुकतीच संपली होती. लिनेट त्यात दुसरी आली होती, पण तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"बाई," ती म्हणाली, "छातीत कसंतरी होतंय. मी बसू का?"

बाईंच्या एका हातात यादी होती, दुसऱ्यात शिट्टी. "मागच्या वर्षी तुझं पोट दुखत होतं, लिनेट. पोत्यात उड्या मारताना तर बरी होतीस. आता काय थेल्माने एकटीने लंगडी घालत जायचं?"

पोरं हसली. मीही हसले. लिनेटने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उभी राहिली.

शिट्टी झाली. अर्ध्या वाटेवर ती एकदम जड झाली. मला वाटलं अडखळली, म्हणून मी ओढलं. "ऊठ ना गं, हरतोय आपण!" असं मी तिला म्हणाले. दोघी पडलो. गाठ मला सुटेना. चहाच्या तंबूतून तिची आई आयव्ही धावत आली. ती केक कापत होती, सुरी हातातच राहिली होती. त्याच सुरीने तिने स्कार्फ कापला.

डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष होता, कुणाला कळणं शक्य नव्हतं, झोपेतही गेली असती. पुढच्या आठवड्यात सरकारी चौकशी झाली. मी लहान म्हणून मला कुणी बोलावलं नाही. बाईंना विचारलं, "मुलीने काही तक्रार केली होती का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

कुणाचा दोष नाही, असा निकाल लागला.

पण मी आधीच सांगून बसले होते. लिनेटच्या मातीच्या दिवशी आयव्हीने मला स्वयंपाकघरात नेलं, दुधाचा पेला दिला आणि विचारलं, "शेवटी काही म्हणाली का गं ती?" मी होतं तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे आता दुसऱ्या कुणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बाई पाळकसाहेबांना म्हणाल्या, शर्यतींचं दुसऱ्या कुणाला तरी बघा. ते ऐकून आयव्ही स्वतः त्यांच्या दारात गेली. "शर्यती तुम्हीच घ्या, बाई." केवढं मोठं मन आहे आयव्हीचं, असं गाव म्हणायला लागलं. तेव्हापासून आयव्ही तंबूत चहा ओतायची आणि बाई कुरणात शिट्टी वाजवायच्या. तीन पायांची शर्यत मात्र कायमची बंद झाली. दर वर्षी चार वाजता आयव्ही एक कप भरून कुरण ओलांडून बाईंकडे जायची. "चहा, बाई." "आभारी आहे, मिसेस व्हाऊल्स." कप रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहायची आणि मग कप घेऊन परत यायची. दुसरं काही बोलणं नाही. अशी पंचवीस वर्षं गेली. शाळा बंद पडली, पोरं बसने बाहेरगावी जाऊ लागली, तरी शर्यती बाईच घेत राहिल्या.

१९८४ च्या जत्रेत मी तंबूत आयव्हीच्या हाताखाली होते. चारला ती कप घेऊन निघाली, मी मागून बिस्किटांची बशी घेऊन. बाई आता सदुसष्टच्या होत्या. त्यांनी कप घेतला आणि तसाच धरून राहिल्या.

"मिसेस व्हाऊल्स, लिनेट मला म्हणाली होती. छातीत होतंय म्हणाली होती. मी तिला पळायला लावलं. आणि चौकशीत खोटं बोलले."

"ठाऊक आहे," आयव्ही म्हणाली. "या थेल्माने मातीच्या दिवशीच सांगितलंय मला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत कधी पाहिलं नसेल असं.

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला कशा नाहीत?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुम्ही होतं. म्हणून तर येत होते दर वर्षी. आज बोलतील, आज बोलतील असं म्हणत. नवरा मेला माझा, त्यालासुद्धा सांगितलं नाही. त्याने तुम्हाला गावात राहू दिलं नसतं."

"मला क्षमा करा, आयव्ही."

"पहिल्या वर्षी मागितली असतीत तर केली असती. दहाव्या वर्षीही केली असती बहुतेक. आता नाही हो उरली. शोधूनही सापडत नाही." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "प्या तो चहा, निवतोय." आणि ती कपासाठी न थांबता निघून गेली.

रेषेवर पाच पोरं चमच्यात बटाटे धरून उभी होती. बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली, पण फुंकर येईना. एक पोरगी ओरडली, "बाई, आमचे हात दुखायला लागले!" शेवटी शिट्टी मी घेतली.

त्यानंतर दोघीही जत्रेला आल्या नाहीत. दोन वर्षांनी माणसंच मिळेनात म्हणून जत्राही बंद झाली. बाई आणखी आठ वर्षं जगल्या. गुरुवारी मी त्यांचं सामान आणून द्यायची. एकदा डबे लावता लावता त्यांनी विचारलं, "तिला ठाऊक आहे हे तू मला का सांगितलं नाहीस, थेल्मा? मी लगेच तिच्याकडे गेले असते."

"तुम्हीच शिकवलं होतं ना, चहाड्या करायच्या नाहीत."

हे मी बोलायला नको होतं. बाईंनी मान हलवली, जशी बरोबर उत्तर दिल्यावर हलवायच्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी सामानापुरतंच बोलायच्या.

१९९२ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. मातीला आम्ही अकरा जण होतो. आमच्याकडे मातीच्या दिवशी गेलेल्याला मान म्हणून शेजारपाजारचे पडदे ओढलेले असतात. आयव्हीचे उघडे होते, आणि ती अंगणात चादरी वाळत घालत होती. मी फाटकाशी थांबले. ती काही विचारेल असं वाटलं. तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली आणि चिमटे घ्यायला वाकली. मी घरी आले.